‘होय’ मी पेजेला म्हटलं होतं : वसुली विभागास खुलं पत्र

प्रति,
वसुली विभाग.

कंपनीचं नाव तुम्हाला ठाऊक आहे, मलाही आहे. इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर तुम्ही अब्रूनुकसानीची नोटीस काढाल आणि तिचाही खर्च माझ्याच बिलात लावाल.

विषय : इंटरनेटवरच्या, मी न मागितलेल्या जाहिरातीच्या पॅकेजसाठी रु. २२,७०० ची मागणी. हे पैसे मी तुमचं देणं लागत नाही.

महोदय,

तुमच्या कागदांवर माझ्या नावापुढे ‘थकबाकीदार’ असं लिहिलेलं आहे. आयुष्यात पहिल्यांदाच हा शब्द माझ्या नावाला चिकटला. सोसायटीचं पीककर्ज आम्ही दरवर्षी मुदतीत भरतो. वाण्याची वही महिन्याच्या महिन्याला कोरी करतो. त्यामुळे तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, पोस्टमन घर चुकला. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी सुपातले तांदूळ निवडता निवडता एवढंच विचारलं, “मागूक नाय, घेवक नाय, मगे पैशे कसले?”

तुमच्या सहा ईमेल, चार पत्रं आणि मोजता येणार नाहीत इतक्या फोनांनंतरही या प्रश्नाचं उत्तर मला मिळालेलं नाही. म्हणून आता चारचौघांत विचारते आहे.

आधी मी कोण ते सांगते, कारण तुमच्या यादीत मी ‘बीच रिसॉर्ट, मालवण’ आहे. मी मालवण तालुक्यातल्या आचऱ्याच्या पट्ट्यात राहते. समुद्र घरापासून चालत वीस मिनिटांवर. मागच्या पडवीला लागून दोन खोल्या काढल्या आहेत, त्यात पर्यटक राहतात. सकाळी घावणे किंवा आंबोळी, दुपारी मासे मिळाले तर मासे, नाहीतर काळ्या वाटाण्यांची आमटी. नवऱ्याची आंब्याची थोडी कलमं आहेत, पण घर चालतं ते या दोन खोल्यांवर. सरकारच्या निवास-न्याहरी योजनेत नोंद आहे. त्या नोंदीसाठी मी स्वतः अर्ज केला, कागद जोडले, फी भरली, पावती घेतली. मागितलेली गोष्ट कशी दिसते हे मला त्यामुळे चांगलं ठाऊक आहे. तिचा अर्ज असतो, तिच्यावर माझी सही असते.

आता तो फोन. चतुर्थीच्या दोन दिवस आधीची सकाळ, साडेसातची वेळ. नवरा गणपतीवरच्या माटवीला बांधायला कवंडळं, हरणं अशी रानातली फळं-फुलं आणायला गेला होता. मी पडवीत समया घासत होते, हात चिंचेने भरलेले, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये. पलीकडे एक तरुण मुलगा, बोलणं गोड. म्हणाला, “मॅपवरून बोलतोय, तुमच्या जागेची माहिती पडताळायची आहे, अगदी मोफत आहे.” नाव बरोबर? हो. गाव बरोबर? हो. खोल्या दोनच? हो. असं बरंच चाललं. माझ्या फोनमधल्या नोंदीप्रमाणे तो कॉल ६ मिनिटं १२ सेकंदांचा होता.

तुम्ही मला पुरावा म्हणून पाठवलेली फीत ५८ सेकंदांची आहे.

ती फीत मी मुलीच्या हेडफोनवर निदान वीस वेळा ऐकली. शेवटी शेवटी तुमचा मुलगा म्हणतो, “तर मॅडम, पॅकेज ॲक्टिव्ह करतो, चालेल ना?” आणि त्याच्या बोलण्याखाली, लांबून, चुलीकडून, नीट कान दिला तर ऐकू येतं, “पेज उतरवू काय गो?” त्या आमच्या सासूबाई. त्यानंतर माझा आवाज येतो, “होय.” आणि फीत तिथेच कापलेली आहे. मी “होय, उतरवा” म्हटलं होतं. ‘उतरवा’ तुमच्याकडे पोचलंच नाही.

तुम्ही म्हणाल, हे आता सुचलेलं आहे. तर तुमचीच फीत पुन्हा लावा. तुमच्या मुलाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मी ‘हो’ म्हटलं आहे. चार वेळा हो. एकदाच ‘होय’. आमच्याकडे घरात मालवणी चालते आणि परक्या माणसाशी, बँकेत, फोनवर शाळेतलं मराठी. ‘होय’ मी घरातल्या माणसाला म्हणते, ‘हो’ बाहेरच्याला. हे ठरवून होत नाही, जीभच तशी वळते. कोकणातल्या कुठल्याही बाईला ती फीत ऐकवा, ती न विचारता सांगेल की हे ‘होय’ स्वयंपाकघरात गेलं.

आपल्या देशात करारांचा कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १३ मध्ये संमती म्हणजे काय ते एका ओळीत आहे : दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने कबूल झाली, तर ती संमती. तुमचा मुलगा पॅकेजविषयी विचारत होता, मी पेजेविषयी सांगत होते. दीडशे वर्षांपूर्वी ती ओळ लिहिणाऱ्याने जणू आमची चूल डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिली.

फीत पुरावा म्हणून वापरायची असेल, तर पूर्ण ६ मिनिटं १२ सेकंदांची द्या. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र लागतं, तेही जोडा. हे मी तुम्हाला दोनदा लेखी मागितलं. उत्तरादाखल ‘खटल्यापूर्वीची अंतिम सूचना’ आली. तीही दोनदा.

तुमचं दुसरं म्हणणं असं, की फोन बाजूला ठेवला तरी सात दिवसांत मी नकार कळवला नाही, म्हणजे मोफत काळ संपून पॅकेज आपोआप सुरू झालं. ही अट कुठे आहे? फोननंतर व्हॉट्सॲपवर आलेल्या ११ पानी इंग्रजी पीडीएफमध्ये, १४व्या कलमात. ते सात दिवस कोणते, हे तुम्ही दिनदर्शिकेत पाहिलंत का? घरात गणपती. मुंबईहून दोन्ही दीर, जावा, त्यांची मुलं मिळून आम्ही १९ माणसं. त्यात तीन दिवस पाऊस असा कोसळला की माड पडून तारा तुटल्या आणि लाइट गेली. टॉवर बंद. आरतीला मोबाइलचा उजेड धरायचा म्हणून जो तो फोन जपून ठेवत होता. त्या दिवसांत मी १४वं कलम वाचायचं, आणि वाचलं नाही म्हणून मी कबूल झाले!

गप्प बसलेला माणूस कबूल झाला असं धरायचं, ही युक्ती तुमच्याआधीही लोकांनी करून पाहिली आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली एका काकाने पुतण्याला लिहिलं, तुझ्याकडून काही कळलं नाही तर ३० पौंड १५ शिलिंगला घोडा माझा झाला असं मी समजेन. पुतण्याने उत्तर धाडलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने सांगितलं, समोरच्याच्या मौनाला असा होकाराचा शिक्का मारता येत नाही. आणि त्या पुतण्याच्या मनात घोडा काकालाच द्यायचा होता, हे लक्षात घ्या. तरीसुद्धा. माझ्या मनात तर तुमचं पॅकेज कशाशी खातात तेही नव्हतं.

इथे थोडं आमच्या गावाकडचं सांगायला हवं, कारण तुमचा सगळ्यात मोठा कागद त्यावरच आपटणार आहे.

आचरा, चिंदर, वायंगणी या आमच्या पट्ट्यात गावपळण असते. दर काही वर्षांनी अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री घरं सोडून वेशीबाहेर जातो. माणसं जातात, गुरं जातात, कुत्री-मांजरं जातात, कोंबड्या डालग्यात घालून नेतात. वेशीबाहेर माळावर राहुट्या उभ्या राहतात, तिथेच चुली मांडतात, रात्री भजनं होतात, फुगड्या होतात. मागे गावात चिटपाखरू नसतं. हे कोणी एकाने ठरवून होत नाही. देवाला कौल लावतात, म्हणजे मूर्तीला फुलाची पाकळी चिकटवून विचारतात. पाकळी उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही. आणि पाकळी पडलीच नाही तर? तर सगळे थांबून राहतात. पुन्हा गाऱ्हाणं घालतात, पुन्हा वाट बघतात. देव काही बोलला नाही म्हणून त्याचा होकार धरून गाव निघालाय, असं आमच्या आजेसासऱ्यांच्या तोंडूनही कधी ऐकलं नव्हतं. देवाच्या बाबतीत जे आम्ही करत नाही, ते तुम्ही माझ्या बाबतीत सात दिवसांत केलंत.

पण मी सांगत होते कागदाचं. मी सेवा मागितली नाही हे मी लिहून कळवल्यावर तुम्ही पवित्रा बदललात. मागितली नसेल, पण फायदा तर घेतलात ना, असं म्हणून ‘कामगिरी अहवाल’ पाठवलात. रंगीत आलेख होते. माझं पान २,१४६ जणांनी पाहिलं, ३१ जणांनी चौकशी केली, चार पार्ट्या तुमच्यामुळे येऊन माझ्याकडे राहिल्या. चारांपैकी दोन मुक्कामांच्या तारखा मी पाहिल्या आणि आधी मला हसूच आलं. त्या गावपळणीच्या तारखा होत्या. त्या रात्री माझ्या घराला कुलूप होतं, मी वेशीबाहेर राहुटीत होते, सासूबाई शेजारच्या राहुटीत गजाली मारत होत्या, आणि माझ्या खोल्यांत तुमच्या हिशेबाने दोन कुटुंबं न्याहरी करत होती. त्यांना घावणे कोणी वाढले, हे तेवढं कळवा. आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात, त्या तीन दिवसांत गावात देव आणि भुतं वावरतात. तुमचे ग्राहक त्यांच्यातलेच असतील, तर पैसे त्यांच्याकडेच मागा.

तिसरा मुक्काम कोणाचा ते मला सापडलं नाही. चौथा मात्र खरा आहे आणि तो मी लपवत नाही.

डिसेंबरच्या शेवटी, दिवस बुडाल्यावर, कोल्हापूरहून एक कुटुंब आलं. नवरा-बायको आणि सात-आठ वर्षांचा मुलगा. मुलाने गाडीतूनच पोहायची चड्डी घातली होती. उतरल्या उतरल्या त्याने मला विचारलं, “स्विमिंग पूल कुठाय?” मी त्याला आमची विहीर दाखवली. मग त्याच्या वडिलांनी मोबाइल पुढे केला. पानावर माझ्या घराचं नाव, खाली निळाशार तलाव, पांढऱ्या छत्र्या आणि कुठल्यातरी बॅकवॉटरमधली हाउसबोट. तुमचं पान मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. संपर्काचा नंबरसुद्धा माझा नव्हता, तुमच्या कॉल सेंटरचा होता. रात्र झाली होती, सीझन होता, दुसरीकडे खोली मिळणार नव्हती. ती माणसं नाइलाजाने राहिली. नेहमीच्या भाड्यातून सातशे कमी करून मी त्यांच्याकडून दीड हजार घेतले. सकाळी मुलाला नवऱ्याने खाडीवर नेलं, तिथे खेकडे बघून तो रमला, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण जाताना त्या बाई मला म्हणाल्या, “तुम्ही चांगल्या आहात हो, पण अशी खोटी जाहिरात करू नका.” हे वाक्य मला तुमच्या सगळ्या नोटिशींपेक्षा जास्त लागलं आहे. पंधरा वर्षांत मला कोणी खोटी म्हटलं नव्हतं.

तर हे दीड हजार. यावरून तुमचे वकीलसाहेब करार कायद्याचं कलम ७० काढतील, हे मला सांगण्यात आलं आहे. ते कलम मी समजून घेतलं. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं, ते फुकट करायचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याने भरपाई द्यावी. बरोबरच आहे. मासेवाली चुकून माझ्या खळ्यात बांगड्यांचा वाटा ठेवून गेली आणि मी ते चुपचाप तिखलं करून खाल्लं, तर तिचे पैसे मला द्यावेच लागतील. पण मी तिला रस्त्यावरून हाक मारून म्हटलं, गो बाय, हे माझे नव्हेत, घेऊन जा, आणि तरी ती रोज वाटा टाकत राहिली, वर महिनाअखेर बिल घेऊन आली तर?

याचंही उत्तर कोर्टाने देऊन ठेवलं आहे. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६१ चा निकाल आहे आणि तो लिहिला आहे आपल्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. त्यात पैसे मागणारा ठेकेदारच जिंकला होता, हे मी प्रामाणिकपणे सांगते, कारण त्याने केलेली बांधकामं सरकारने वापरली होती. पण त्याच निकालात हेही आहे, की दिलेली वस्तू नाकारायला किंवा परत करायला घेणारा मोकळा असतो, आणि त्याने तसं केलं तर कलम ७० लागू होत नाही. मी नाकारलं होतं. गणपती गेल्यावर तुमचं बिल आलं, त्याच संध्याकाळी मुलीकडून ईमेल लिहून घेतली : ही सेवा मी मागितलेली नाही, माझं नाव तुमच्या यादीतून काढा. चार दिवसांनी तेच स्पीड पोस्टाने पाठवलं. पोच माझ्याकडे आहे. कोल्हापूरची मंडळी त्यानंतर तीन महिन्यांनी आली. म्हणजे बांगडे नको म्हणून सांगितल्यावरही तुम्ही टाकत होता, आणि तेही नासके.

बिलाकडेही जरा बघू. मूळ १५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,७००, असे १७,७००. मग विलंब शुल्क १,५००. मग ‘कायदेशीर नोटीस खर्च’ ३,५००. एकूण २२,७००. हे जानेवारीतलं. फेब्रुवारीत तुमच्या एका बाईंनी फोनवर सांगितलं, ९,००० ला मिटवू. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी, ४,५०० भरा, पण आज सहाच्या आत. आचऱ्याच्या बाजारात सुरमईचा भाव संध्याकाळी असाच उतरतो, कारण सुरमई रात्रभर टिकत नाही. खऱ्या कर्जाचा आकडा असा उतरलेला मी कुठे पाहिला नाही. आमच्या सोसायटीचे सचिव पाच रुपये व्याजाचे सोडत नाहीत.

आता तुमच्या वसुलीच्या रीतीबद्दल. सकाळी सातला फोन, रात्री साडेनऊला फोन. मुंबईतल्या माझ्या दिराला फोन, “तुमच्या वहिनींवर केस होतेय.” त्याचा नंबर मी तुम्हाला दिलेला नाही. बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर कर्जदाराला फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे. तुम्ही बँक नाही, म्हणून हा नियम आम्हाला लागू नाही असं तुमच्या माणसाने मला ऐकवलं. चालेल. बँक नाही, तर मग मी तुमच्याकडून कर्जही काढलेलं नाही, आणि ‘तुमचा सिबिल खराब करू’ ही धमकी कशाच्या जोरावर देता? सिबिलकडे कर्जाची माहिती बँका आणि वित्तसंस्था देतात. जाहिरातीचं पान बनवणारे देत नाहीत.

फोन करणाऱ्या मुलांवर माझा राग नाही. एकजण परभणीकडचा होता, बोलण्यावरून कळलं. मी जेवलास का विचारलं तर गप्प झाला आणि मग हळूच म्हणाला, “मॅडम, आम्हाला टार्गेट असतंय.” त्याला मी काय बोलणार.

शेवटचा कागद ‘लोकअदालत नोटीस’. वर तराजूचं चित्र, खाली लाल अक्षरांत ‘हजर न राहिल्यास अटक’. तो कागद घेऊन मी मालवणच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे गेले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे विचारत नाहीत. हे मला त्या दिवशीच कळलं, आणि तुमच्यामुळे कळलं, तेवढे आभार. तिथल्या वकीलबाईंनी कागद उलटसुलट पाहिला. प्रकरणाचा क्रमांक नाही, समितीचा शिक्का नाही. त्या म्हणाल्या, लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे, दोघांची मर्जी असेल तरच तिथे काही ठरतं, ती कोणाला अटक करत नाही. आणि असं साधं पैशांचं भांडण दिवाणी असतं, ते मिटवायला पोलीस दारात येत नाहीत.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. तुमच्या १४व्या कलमाखालच्या १५व्यात लिहिलं आहे, की सर्व वाद तुमच्या शहरातल्या न्यायालयातच चालतील. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. आमचा आयोग ओरोसला आहे. सकाळच्या एसटीने गेलं तर दुपारी जेवायला घरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, या बाई धंदा करतात, या कसल्या ग्राहक? त्याच कायद्यात आहे, की पोट भरण्यासाठी स्वतः राबून केलेल्या धंद्याला व्यापारी कारण म्हणत नाहीत. दोन खोल्या, आणि चादरी मी स्वतः धुते. की तुम्ही म्हणाल, मुळात यांनी सेवा घेतलीच नाही, मग ग्राहक कशा? हे जरूर म्हणा. लेखी म्हणा. म्हणजे बिलच संपलं. ग्राहक धरलंत तर तक्रारीला उत्तर द्या, नाही धरलंत तर मागणी सोडा. दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभं राहता येणार नाही.

हे सगळं मी तुम्हाला खाजगीत लिहू शकले असते, आणि लिहिलंही होतं. उघड लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्या वाडीत तुमचे असे फोन चार घरांत गेले. एका घरात नवरा फौजेतून निवृत्त, त्याने तुम्हाला काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकाने सिमकार्डच बदललं. तिसरी मी.

चौथ्या घरात काकी राहतात. एकट्या. मुलगा गल्फला, नातू बारावीला आजोळी शिकतो. त्यांची एकच खोली आहे, ती मे महिन्यात कोणी विचारलं तर देतात. त्यांना तुमचा तो तराजूवाला कागद व्हॉट्सॲपवर आला, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या नाहीत. कोणाकडेच गेल्या नाहीत. दोन दिवस जेवल्या नाहीत हे नंतर कळलं. “पोलीस दारात इले तर लोक काय म्हणतले?” असं त्या मला म्हणाल्या तेव्हा पैसे जाऊन आठवडा झाला होता. नातवाच्या मोबाइलवरून ४,५०० रुपये, सहाच्या आत. ते पैसे त्यांनी शिमग्यात घराची कौलं परतायला ठेवले होते. पैसे मिळाल्याचा मेसेज तुम्ही इंग्रजीत पाठवलात, त्यात त्यांना ‘मौल्यवान ग्राहक’ म्हटलं होतं.

तेव्हा माझ्या मागण्या थोड्याच आहेत. माझ्या नावावरचं देणं रद्द झाल्याचं पत्र कंपनीच्या कागदावर, सहीनिशी पाठवा. तो तलाव आणि ती हाउसबोट असलेलं पान काढून टाका. हे पत्र तुम्हाला पोचल्यापासून १५ दिवस वाट बघते, सोळाव्या दिवशी सकाळची एसटी धरते. तक्रारीचा मसुदा वकीलबाईंनी तयार करून दिला आहे, गावपळणीच्या तारखा त्यात ठळक केल्या आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, नोंद आधीच झाली आहे.

आणि काकींचे ४,५०० रुपये परत करा. त्यांनी मला त्यांच्या वतीने लिहायला अंगठा नाही, सही करून दिली आहे, चौथी शिकलेल्या आहेत त्या. पावसाच्या आधी कौलं परतायची आहेत. त्यांचा नंबर तुमच्याकडे आहेच, रोज दोनदा लावत होता. पैसे जमा केलेत की त्याच नंबरवर मेसेज टाका. मराठीत.

तुमची थकबाकीदार नसलेली,
निवास-न्याहरीवाली, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग